दादांच्या खोलीतला लाइट

बागेच्या टोकाला असलेल्या अवजारांच्या खोलीत लाइट न्यायचा म्हणजे काय मोठंसं, असं धाकटेराव गेली कित्येक वर्षं म्हणत आले होते. नुसतं म्हणतच आले होते. पण या वेळी गोष्ट वेगळी होती. थोरला भाऊ त्या खोलीत कायमचा राहायला येणार होता.

दादांची बायको गेली आणि भल्यामोठ्या घरात दादा एकटे उरले. "संध्याकाळ झाली की घर खायला उठतं रे," असं ते एकदाच फोनवर म्हणाले आणि लगेच हवापाण्यावर बोलू लागले. दादा स्वतःबद्दल एवढं बोलले म्हणजे फारच झालं! नवराबायको दोघांनी गळ घातली, तेव्हा दादा कबूल झाले. फक्त आपला असा एक कोपरा हवा म्हणाले. जुनी घड्याळं उघडून दुरुस्त करायचा त्यांना नाद होता. टेबलावर चाकं आणि स्प्रिंगा मांडून बसलं की संध्याकाळ कशीबशी सरते, एवढंच त्यांचं म्हणणं.

"इलेक्ट्रिशियनला बोलवा," सौ. म्हणाल्या.

"माझ्या दादाच्या खोलीला परका माणूस हात लावणार? मी करतो!"

"मागे बेल तुम्हीच बसवली होती."

"वाजते की!"

"हो, फ्रिज उघडला की वाजते."

धाकटेरावांनी कुदळ उचलली. बागेतून चर खणला, त्यात पाइप पुरला, पाइपातून वायर ओढली. सौ.चा मोगरा मुळासकट वर आला, तो त्यांनी गुपचूप परत खोचला. बागेकडची भिंत बाथरूमची होती, म्हणून कनेक्शन बाथरूमच्या दिव्यावरून घेतलं. जोडणी कशी दिसते ते बघायला बाथरूमचा दिवा लावला आणि ओल्या मातीतून धावत जाऊन पाहिलं, तर खोलीत लख्ख उजेड! धाकटेरावांचे डोळे भरून आले. आयुष्यात पहिल्यांदा आपण दादासाठी काहीतरी केलं, असं त्यांना वाटलं.

आता वाचकांना एक गोष्ट सांगून टाकतो. धाकटेरावांना ती कळायला अजून अवकाश आहे. वायर त्यांनी बटणाच्या पलीकडून घेतली होती. म्हणजे बाथरूमचा दिवा लावला तरच दादांच्या खोलीत उजेड, आणि तो घालवला की दादा अंधारात! आणि या घरात बाथरूममधून बाहेर पडताना दिवा न घालवणं हा चोरीपेक्षा मोठा गुन्हा होता. सौ. एक वेळ गॅस विसरतील, पण तो दिवा विसरायच्या नाहीत.

दादा राहायला आल्यावर सुरुवातीचे दिवस बरे गेले, कारण मुलगी सुट्टीला घरी होती. ती मोबाइल घेऊन बाथरूममध्ये शिरली की बाहेर माणसं ताटकळत, आणि तिकडे दादांचं एक घड्याळ पुरं होई. मग मुलगी हॉस्टेलवर परत गेली. उरले नवराबायको. दोघेही भराभर आवरणारे!

दादांनी चिमट्यात बारीकसा स्क्रू धरावा आणि दिवा जावा. स्क्रू शोधायला खाली वाकावं तर दिवा यावा आणि स्क्रू दिसायच्या आत पुन्हा जावा. दादा तसेच अंधारात बसून राहत. तक्रार करणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

खोली अंधारात दिसली की इकडे धाकटेराव टीव्हीचा आवाज कमी करत. "शू! दादा झोपलाय. खोली मानवली बघ त्याला!"

जेवताना एकदा त्यांनी विचारलंसुद्धा, "दादा, लाइट पुरतो ना?"

"तुम्ही द्याल तेवढा पुरे," दादा म्हणाले.

किती हा समाधानी माणूस, असं धाकटेरावांना वाटलं. तेवढ्यात सौ. बाथरूमकडून तणतणत आल्या. "दिवा उगाच जळत ठेवायची काय हौस असते एकेकाला! किती वेळा घालवायचा मी?" हे अर्थात नवऱ्याला होतं. धाकटेरावांनी सवयीने मान डोलावली. दादांनी मात्र हातातला चमचा खाली ठेवला आणि त्यानंतर ते काही जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी सांगितलं, "निघतो मी. घर फार दिवस बंद ठेवणं बरं नाही."

"अरे, पण तुला तर घर खायला उठतं!"

"सवय होईल." दादा हसले, पण ते हसणं धाकटेरावांना बघवलं नाही. "तोंड धुतो आणि निघतो. बॅग तेवढी आणतोस?"

धाकटेराव जड पावलांनी बाग ओलांडून गेले. खोली काळोखी होती. त्यांनी चाचपडत बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. आणि मग, हात बटणावर नसताना, दिवा आपोआप लागला! टेबलावर पोट उघडलेलं घड्याळ होतं, शेजारी अर्धी जळालेली मेणबत्ती.

घरातून सौ.चा आवाज आला, "भावोजी, बाथरूमचा दिवा घालवलात ना?"

"घालवला!" दादा म्हणाले.

आणि खोलीत मिट्ट काळोख झाला.

धाकटेराव बॅग टाकून मोगऱ्यावरून धावत सुटले. "दादा! दिवा लाव! घालव! परत लाव!"

सगळा उलगडा झाला.

"अरे, मला वाटलं," दादा हळूच म्हणाले, "मेन बटण तुमच्याकडे आहे. पुरे आता, निजा, असं सुचवताय."

"आणि तुम्ही रोज अंधारात बसत होतात?" सौ.नी डोळ्यांना पदर लावला. "एका शब्दाने बोलायचं नाही का, भावोजी?"

"दुसऱ्याच्या घरी काय बोलायचं?"

हे 'दुसऱ्याच्या घरी' धाकटेरावांना फार लागलं. ते बाहेर जाऊन पायरीवर बसून राहिले. दादांनी बॅग परत खोलीत नेली. पण तोंडाने काहीच म्हणाले नाहीत, त्यामुळे ते राहणार की जाणार हे कुणालाच कळेना.

सकाळी इलेक्ट्रिशियन आला. त्याने बाथरूममधली जोडणी उघडली, आत पाहिलं आणि दोन पावलं मागे सरकला.

"हे कुणी केलं?"

धाकटेरावांनी कबूल करायला तोंड उघडलं, तोच शेजारून आवाज आला.

"मी," दादा म्हणाले.

"या वयात असले उद्योग? अहो, पेटलं असतं सगळं! कुणाच्या घरात करताय, याचा तरी विचार करायचा!"

"आमच्याच घरात," दादा शांतपणे म्हणाले.

सौ.नी चटकन नवऱ्याकडे पाहिलं. आता काहीतरी बोलायलाच हवं होतं. धाकटेरावांनी घसा साफ केला, दादांच्या खांद्यावर हात ठेवला आणि इलेक्ट्रिशियनला म्हणाले,

"मी सांगत होतो त्याला!"