गरम भरता की गार?

राऊळकाका आधी तुमच्या हातातला डबा हुंगायचे आणि मग तुमच्याकडे बघायचे. झाकण उघडायचं, नाक आत घालायचं, डोळे मिटून एक लांब श्वास घ्यायचा. डबा परत देताना वाक्य ठरलेलं. "मी काही म्हणत नाही. पण संशयाला जागा आहे."

डबा स्टीलचा असला तर ते ढुंकूनही बघायचे नाहीत. त्यांचं वैर फक्त प्लास्टिकशी.

दोन हजार सात-आठ साल असेल. बोळिंजला आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर समोरासमोर आमची दारं. वसई पूर्वेला प्लास्टिकचे डबे बनवणाऱ्या एका कारखान्यात, तपासणीच्या खोलीत त्यांची सगळी नोकरी गेली. बायको वारलेली, मुलगी लग्न होऊन ठाण्याला. माणूस एकटा, काडीसारखा बारीक आणि डोक्यात एकच किडा. प्लास्टिकातून काहीतरी अन्नात उतरतं, अन्नातून पोटात जातं आणि माणूस फुगतो.

"गरम भरता की गार?" हा प्रश्न ते जिन्यात भेटेल त्या बाईला विचारायचे. म्हणजे डब्यात जेवण गरम भरता की गार करून. पण पूर्ण वाक्य बोलायची त्यांना सवय नव्हती. तिसऱ्या मजल्यावर नवं जोडपं राहायला आलं. दुसऱ्याच दिवशी त्या नव्या सुनेला जिन्यात अडवून काकांनी विचारलं, "काय, गरम की गार?" संध्याकाळी तिचा नवरा बाह्या सरसावून खाली आला. मी मध्ये पडले म्हणून निभावलं. तो वर जाताना काका मागून ओरडले, "अहो, पण उत्तर काय? गरमच ना?"

अर्नाळ्याहून मासळीवाली यायची. काका तिच्या निळ्या टपावर वाकले की ती खेकसायची, "अवो काका, म्हावरा हुंगा की! टपात नुसता पानी हाय!" सोसायटीच्या सभेत त्यांनी गच्चीवरच्या काळ्या टाकीचा विषय काढला. टाकी प्लास्टिकची, वर ऊन, आत पाणी, म्हणजे संशयाला जागा आहे. सेक्रेटरी आधीच टँकरवाल्याशी भांडून आलेले. ते म्हणाले, "काका, टाकीत आधी पाणी येऊ द्या. मग सावकाश संशय घेऊ."

आता मी जाड आहे हे सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याला अंदाज बांधत बसायला नको. चांगली जाड आहे. शाळेत शिकवते, दिवसभर उभी असते, घरचं जेवते. तरी आहे. मला आजवर मध-लिंबू, मेथीचे दाणे, पहाटेचं चालणं आणि 'मन मारायला शिका' असे सगळे उपाय फुकट मिळालेत. त्यामुळे एके सकाळी काका माझा डबा हुंगून म्हणाले, "बाई, तुमचा दोष असेलच असं नाही," तेव्हा मला आधी संशयच आला. हा म्हातारा माझी कीव करतोय की थट्टा?

"म्हणजे काय?" मी कंबरेवर हात ठेवला.

त्यांनी खिशातून वर्तमानपत्राचं घडी घालून झिजलेलं कात्रण काढलं. परदेशात म्हणे उंदरांवर प्रयोग चालले होते. प्लास्टिकातली काही रसायनं शरीरातल्या हार्मोन्सची नक्कल करतात. शरीर फसतं आणि चरबी साठवत सुटतं, असा शास्त्रज्ञांना संशय.

"हे उंदरांचं झालं," मी म्हटलं.

"हो. माणसाचं नक्की कुणालाच माहीत नाही. लहान वयात जास्त बाधतं म्हणतात."

"आणि तुम्ही? जन्म प्लास्टिकात काढलात, तुमच्या अंगावर मूठभर मांस नाही!"

"तेच तर!" काका खूश होऊन म्हणाले. "त्याचाही मला संशय आहे."

अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

पण त्यांची मुलगी यायची त्या रविवारी काका अगदी वेगळे असायचे. वैशाली महिन्यातून एकदा यायची. माझ्यासारखीच अंगाने भरलेली, बोलायला गोड. काकांच्या गोळ्या-औषधं आणायची, चादरी बदलायची, तासभर बसायची. काका पहाटे उठून वालाचं बिरडं करायचे, वटार गावची केळी आणून ठेवायचे. शेवग्याच्या आमटीचा वास आमच्या घरात शिरायचा. आणि दरवेळी दारातून मला तेच ऐकू यायचं. "नको बाबा, मी खाऊन आलेय." पाणीसुद्धा ती निघता निघता उभ्यानेच प्यायची. ती गेली की काका ताट झाकून गॅलरीत उभे राहायचे. माझ्या लग्नानंतरची नऊ वर्षं मी हे बघत होते. नऊ वर्षांत त्या मुलीने बापाच्या घरी एक घास खाल्ला नव्हता. काकांना जगात दुसरं काही नको होतं, तिने एकदा पोटभर जेवावं एवढंच. तसं ते बोलत नसत, पण न कळायला मी काही आंधळी नव्हते.

त्या वर्षी संक्रांतीला गोंधळ झाला. हळदीकुंकवाला वाण म्हणून घरोघरी प्लास्टिकचे डबे वाटले जात होते. काका खुर्ची टाकून जिन्याच्या तोंडाशी बसले. बाई वाण घेऊन उतरली की म्हणायचे, "हा डबा मला द्या, ही स्टीलची वाटी घ्या." बायका हसून द्यायच्या. चार दिवसांनी हसू संपलं आणि कुजबुज सुरू झाली. म्हातारा डबे विकतो की काय? घरात दुकान मांडलंय की काय? पहिल्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "बाई, तुम्ही समोरच राहता, जरा बघा हो. उगीच कोण स्टील देतं?"

मला तरी कुठे राहवत होतं! तिळगूळ द्यायच्या निमित्ताने शिरले आत. हॉलमध्ये डब्यांचा ढीग. आणि काका मांडी घालून, सुरीने एकेका डब्याला भोक पाडत बसलेले.

"काका! हे काय चाललंय?"

"पुन्हा कुणी वापरू नये म्हणून," ते शांतपणे म्हणाले.

मग मी न विचारता त्यांनी सांगितलं. कारखान्यात थोडे वाकडे निघालेले डबे कामगारांना फुकट मिळायचे. काका ते हौसेने घरी आणायचे. वैशाली बालवाडीत गेली तेव्हापासून दहावीपर्यंत त्यातच गरम भात, गरम पोळी. "लाल डबा, पिवळा डबा, दर महिन्याला नवा. वर्गात कुणाकडे नव्हते असे. मीच भरून द्यायचो, बाई. वाफाळतं." तिसरी-चौथीपासून ती अंगाने सुटायला लागली. काकांना वाटलं, पोरगी चोरून खाते. त्यांनी तिचा भात मोजून वाढला. फडताळाला कुलूप लावलं. पाहुण्यांसमोर म्हणाले, हिच्यापुढे परात ठेवली तरी पुरायची नाही. तेरा वर्षांची होती तेव्हा. त्या दिवसापासून ती बापासमोर कधी जेवली नाही.

काकांच्या हातातली सुरी थांबली होती.

"तुम्ही जाड आहात म्हणून विचारतो," ते म्हणाले. दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. "मी तिला ते कात्रण दाखवलं, तुझी चूक नव्हती, डब्यांची असेल, असं सांगितलं, तर तिला बरं वाटेल?"

मला खरंतर त्यांची दया आली होती. पण तोंडातून निघायचं तेच निघालं. "काका, डब्यांचं खरं असेल, खोटंही असेल. पण फडताळाला कुलूप काय डब्यांनी लावलं?"

मी तिळगूळ तिथेच ठेवून घरी आले आणि दिवसभर स्वतःला शिव्या घातल्या. म्हाताऱ्या माणसाला एवढं लागेल असं बोलायची काय गरज होती मला?

पुढच्या रविवारी वैशाली आली. सकाळपासून आमटीचा वास होताच. मी दारापाशी घुटमळत होते, खोटं कशाला सांगू. पण 'खाऊन आलेय' काही ऐकू आलं नाही. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग आमचीच बेल वाजली. दारात काका.

"बसू का थोडा वेळ?"

"बसा ना. वैशाली गेली?"

"नाही. जेवतेय."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "मग तुम्ही इथे काय करताय?"

"माझ्यासमोर तिला घास उतरायचा नाही," काका म्हणाले. "बोललो मी तिच्याशी. कुलपाचं बोललो, त्या पाहुण्यांचंही बोललो. डब्यांचं काढलंच नाही. ती ऐकत राहिली. मग मी ताट वाढलं आणि म्हटलं, बाईंकडे जरा काम आहे."

मी चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेले आणि तिथेच ओट्याला टेकून रडले. बाहेर आले तर काका पेपर उघडून बसले होते, पण पान उलटत नव्हते. कान समोरच्या दाराकडे. चहा गार झाला, हात लावला नाही. वीस मिनिटं झाली, अर्धा तास झाला. मध्येच माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "मीठ बेताचंच पडलं असेल ना आमटीत? चाखायचं राहिलं."

तेवढ्यात वैशाली आमच्या दारात येऊन उभी राहिली. पदराला हात पुसत होती. डोळे सुजलेले होते तिचे.

"बाबा, भात संपला. तुमच्यासाठी पुन्हा कुकर लावलाय. चला."

काका पेपर हातात घेऊनच उठले. "संपला? सगळा?"

"सगळा," ती म्हणाली.