आप्पांचा ‘ब’ पर्याय

आमच्या मेडिकल कॉलेजात डॉक्टर आप्पांनी काढलेल्या प्रश्नातला पेशंट कधीच नुसता पेशंट नसतो. तो पाबळचा असतो, त्यानं नुकताच बैल विकलेला असतो आणि सोबत चिडलेला मेव्हणा आलेला असतो. परीक्षा संगणकावर, प्रश्न इंग्रजीत, तरी मेव्हणा काही सुटत नाही.

परीक्षेचे संगणक माझ्याकडे, त्यामुळे मेव्हणा कापायचं कामही माझंच. “आप्पा, प्रश्न स्क्रीनवर मावत नाही,” म्हटलं की ते शांतपणे विचारतात, “मग पेशंट काय आभाळातनं पडला व्हय?” तळेगाव ढमढेऱ्यात चाळीस वर्षं दवाखाना चालवून ते इथं शिकवायला आले. माझ्या डोक्याला ताप झाला, पण विद्यार्थी त्यांच्यावर जीव टाकतात.

निकाल लागला की बाकीचे प्राध्यापक सरासरी विचारतात. आप्पा एकाच प्रश्नाचं विचारतात. चाळिशीची बाई, मधुमेह आहे, जबडा दुखतोय, घाम सुटलाय, मळमळतंय, काय कराल? हार्ट अटॅक असू शकतो, म्हणून आधी ईसीजी, हे उत्तर. त्यांचा हा एकच प्रश्न दोन ओळींचा. ना गाव, ना मेव्हणा. “‘ब’ कुणी दिलं?” एवढंच त्यांना हवं असतं. ‘ब’ म्हणजे पित्ताचं औषध देऊन घरी पाठवणे.

यंदा संगणकानं त्या प्रश्नावर लाल खूण केली : फार सोपा, काढून टाका. मी आप्पांना म्हटलं, “एकजण सोडला तर सगळ्यांना आलाय. ‘ब’ त्या एकानंच दिलंय. काढतो आता.”

ते खुर्चीत बसले. “त्यो एक बी उद्या दवाखाना टाकणारच की,” म्हणाले. मग स्वतःच सांगू लागले.

“केंदूरची बाई व्हती. कांदा काढता काढता उठून आली. मी तवा ‘ब’च दिलं. जाताना म्हणाली, बरं वाटतंय डॉक्टर, तुम्ही आता जेवून घ्या. जीप गावात पोचायच्या आत गेली ती.”

इतकी वर्षं या माणसाच्या प्रश्नांना हसत आलो, त्याची लाज वाटली.

खूण झालेला प्रश्न ठेवायचा, तर संगणक कारण मागतो. आप्पा उठून गेल्यावर मी टाईप केलं : एकाला आला नाही.