ताटव्याची दर्शनी बाजू

नकाशेसाहेबांच्या पत्नी न्हाणीघरात घसरल्या आणि त्यांचा पाय मोडला. या ताटव्यामागची अधिकृत प्रेरणा तेवढीच. डॉक्टरांनी प्लास्टर घालून पलंगावरून उतरायला मनाई केली, तेव्हा पलंग पुढच्या खोलीत खिडकीशी सरकवण्यात आला. खिडकीबाहेर रस्त्यापर्यंत जमिनीचा एक मोकळा पट्टा होता. त्यात वाळकं गवत होतं आणि एक फुटकी बादली. बादलीकडे बघून बघून बाईंना वीट आला.

"अहो," त्या म्हणाल्या, "इथे खिडकीखाली चार झेंडू लावा ना. पडल्या पडल्या डोळ्यांना बरं वाटेल."

साहेबांना गहिवरून आलं. त्यांचा बाईंवर जीव होता, याबद्दल कुणी शंका घेऊ नये. पण त्यांची हयात नगररचना कार्यालयात नकाशे काढण्यात गेलेली. जिथे जीव गुंतलाय तिथे नियोजनाशिवाय कुदळ मारायची, हे त्यांना पटेना. त्यांनी स्वयंपाकघरात बैठक बोलावली. बाईंना वगळण्यात आलं, कारण लाभार्थ्याने निर्णयप्रक्रियेत बसणं शिस्तीला धरून नसतं. बैठकीला साहेब, त्यांची लेक आणि शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक असे तिघे होते. मुख्याध्यापकांचा स्वतःचा ताटवा उभ्या रस्त्यात नावाजलेला.

मूळ तत्त्व एकमताने ठरलं. उंच झाडं मागे, मध्यम मध्ये, बुटकी पुढे. मग पुढे म्हणजे कुठे, असा प्रश्न निघाला. जिथून लोक बघतात ती पुढची बाजू, असा निर्वाळा मुख्याध्यापकांनी दिला. लोक रस्त्यावर असतात. खिडकीत बाई एकट्याच होत्या आणि एकट्या माणसाला लोक म्हणत नाहीत. सबब रस्त्याकडची बाजू दर्शनी ठरली आणि खिडकीकडची मागची.

त्याप्रमाणे रस्त्यालगत सदाफुली लागली, तिच्यामागे झेंडू आणि खिडकीला अगदी खेटून सूर्यफुलं. महिन्या-दोन महिन्यांत ताटवा असा बहरला की जाणारे-येणारे थबकू लागले. सूर्य रस्त्याच्या बाजूने उगवत असल्याने सूर्यफुलांनीही झाडून सगळी तोंडं तिकडेच केली. बाईंना खिडकीतून केसाळ देठ, आधाराच्या काठ्या आणि फुलांच्या हिरव्या पाठी दिसू लागल्या. बादलीही दिसेनाशी झाली.

"मला एकही फूल दिसत नाही हो," बाई म्हणाल्या.

साहेबांनी तक्रारीची तत्काळ दखल घेतली आणि रस्त्यावर जाऊन पाहणी केली. फुलं व्यवस्थित दिसत असल्याचं त्यांनी परत येऊन कळवलं. बाईंनी इकडून बघायला सांगितलं, तर ते समजुतीने म्हणाले, "अगं, पण इकडून ती मागची बाजू आहे ना."

तरी त्यांना चैन पडेना. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, तसा त्यांनी एक भलामोठा आरसा आणून रस्त्यापलीकडच्या भिंतीवर ठोकला. त्यात ताटवा दिसावा आणि आरशातून तो बाईंना दिसावा, अशी योजना होती. सूर्यफुलांच्या फटीतून मान वाकडी केली की पिवळे ठिपके दिसायचेही. "हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात," बाई लेकीला म्हणाल्या, "मला खिडकीखालच्या फुलांना लागला." पण लवकरच रस्त्यावरचे लोक त्या आरशात भांग पाडू लागले. मग फुलं पाठीशी घेऊन फोटो काढायला गर्दी जमू लागली. आता बाईंना जवळ फुलांच्या पाठी दिसत आणि लांब माणसांच्या.

पुढे आणखी एक अडचण उद्भवली. फोटोत फुलांच्या फटीतून मागची खिडकी येई आणि खिडकीत प्लास्टरातला पाय. रंगसंगती बिघडते, असं मुख्याध्यापकांनी हळूच सुचवलं. आकर्षक ताटव्यांची स्पर्धा जवळ आली होती. परीक्षक येऊन जाईपर्यंत पडदा ओढून घ्यावा, अशी साहेबांनी बाईंना विनंती केली. बाईंनी पडदा ओढला आणि अंधारात पडून राहिल्या. त्यांना फार एकटं वाटलं. बाहेर टाळ्या वाजत होत्या. पहिला क्रमांक आला होता आणि परीक्षक वाचून दाखवत होते, "रुग्णशय्येवरील पत्नीच्या डोळ्यांना सुख लाभावे, या हृद्य भावनेतून साकारलेला ताटवा." साहेबांचे डोळे पुन्हा भरून आले.

प्लास्टर निघालं तेव्हा फुलं उतरणीला लागली होती. बाई काठी टेकत, भिंत धरत एकट्याच रस्त्यावर आल्या. बघायचाच होता त्यांना तो ताटवा एकदा पुढून. उरलेल्या झेंडूंसमोर त्या जेमतेम उभ्या राहिल्या, तोच मागून कुणीतरी अगदी अदबीने म्हणालं, "बाई, जरा बाजूला होता का? फोटोत येताय."

बाई बाजूला झाल्या.

त्या माणसाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. स्पर्धेच्या दिवशीचा ताटव्याचा फोटो, परीक्षकांच्या त्या ओळीसकट, तुमच्याकडेही आला होता. तुम्ही मोठा करून पाहिलात, "किती प्रेम असेल त्यांचं!" असं लिहून चार जणांना पुढे पाठवलात. भर दुपारी मागच्या खिडकीचा पडदा ओढलेला होता, तोही त्यात स्पष्ट दिसत होता.