आधी पाय मोज

भाजीत अळी निघाली की माणूस भाजी फेकतो. मूल गावात आमच्या शेजारी राहणारे मारोतीभाऊ खिशातून भिंग काढतात. एकदा लग्नाच्या पंगतीत वांग्याच्या भाजीत अळी निघाली. नवरीचा बाप हात जोडून उभा, अन् भाऊ म्हणतात, "थांबा जी, आधी पाय मोजू द्या." पंगत तिथंच उठली.

भाऊ शाळेत विज्ञानाचे मास्तर होते, आता रिटायर. माझे बाबा राइस मिलमध्ये पोती उचलायचे. घराण्यात कॉलेज पाहिलेला पहिला माणूस मी. बी.एस्सी.चे पेढे घेऊन गेलो, तर भाऊंनी मोहरीच्या पानावरची काळी अळी पुढं केली. "सांग, कोणाची?" मी म्हटलं, फुलपाखराची.

"पोटाखालचे पाय मोज न बे. पाच जोड्यांच्या वर गेले का करवतमाशी." पेढा मग खाल्ला, पण उपकार केल्यासारखा.

त्यांची पोरगी वंदना हिमाचलात वन खात्यात लागली. वंदनाची आई वारल्यावर घरात भाऊ अन् भिंग. पोरीचा फोन सणावारी. या उन्हाळ्यात मात्र तिनं चीडच्या, म्हणजे तिकडच्या पाइनच्या, झाडावरच्या अळ्यांचे फोटो पाठवले: बाबा, जात ओळखून द्या. आमच्याकडं सारा सागवान. भाऊंनी चीडचं झाड जन्मात पाहिलं नव्हतं. तरी पाय मोजून, पुस्तक चाळून माझ्यासमोर नाव शोधून काढलं. तेवढ्यात तिचा फोन आला. भाऊ म्हणाले, "पाय बरोबर दिसून नाई राह्यले. उद्या दुसरा फोटो पाठव."

दुसऱ्या दिवशी उजेड कमी. मग फोटो हललेला. मग, "माशी निघू दे. मादीची अंडी घालाची करवत पाहिल्याबिगर नाव नाई सांगत मी." रोज संध्याकाळी फोन, रोज नवीन खोट.

"भाऊ, काऊन सतावता तिले? नाव त तुम्हाले माहीत हाये."

भाऊ भिंग पुसत राहिले. "सांगतलं का तिचं काम झालं. मंग मले कोण फोन करन?"

शेवटी तिकडं कोषातून माशी निघाली. भाऊंनी करवतीचा फोटो मागितला.

"फोटोत नाई दिसत बाबा," वंदना म्हणाली. "तुमचं तिकीट काढलं. येऊन पाहा."

परवा भाऊंचा तिथून फोन आला. जात ठरली का, मी विचारलं.

"ठरली न. पोरीले बी पहिल्यापासून माहीत होती. लबाड."

"मंग वापस कधी येता?"

"पाहू. इथी अळ्या बहुत हायेत."