भीमगीताच्या नावाने गेलेली यादी

बुवापाड्याच्या नरेंद्र साळवेने आपल्या पोरीसाठी, वैष्णवीसाठी, पाहिलेली स्थळं कॉम्प्युटरवर लिहून ठेवली, तिथेच घोड्याने पेंड खाल्ली. कारखान्यात हजेरी लिहिता लिहिता प्रत्येक नावापुढे शेरा मारायची खोड त्याला लागली होती. 'दोन नंबर : मुलगा हुशार, पण टक्कल पडत चाललंय.' 'तीन नंबर : हिरा! वैष्णवीला मात्र बुटका वाटतो.' 'सात नंबर : मुलगा सालस, बाप थापाड्या, मांजर्लीच्या घरात पुराचं पाणी शिरतं.'

हा सात नंबरचा आकाश पोरीला एकदाचा आवडला होता. त्याचे आईवडील रविवारी बोलणी करायला येणार होते. शनिवारी सकाळी फोन वाजला.

"नरेंद्रकाका? मी दोन नंबर बोलतोय."

"कोण दोन नंबर?"

"टक्कलवाला."

हा पोरगा उल्हासनगरला कॉम्प्युटर क्लास चालवायचा. "काका, जयंतीसाठी नेटवरून फुकट गाणी उतरवलीत ना? एका गाण्यात व्हायरस होता. तो तुमच्या फायलींना भीमगीतांची नावं देऊन वाटत सुटलाय. मी गाणं शोधत होतो, हातात आली तुमची यादी."

"अरे, एवढ्या दुनियेत ती तुलाच कशी घावली?"

"आत्ता भीमगीतं कोण शोधणार काका? आपलेच लोक ना!"

सातही स्थळं आपल्यातलीच होती. नरेंद्रने धावत जाऊन कॉम्प्युटरची वायर उपटली.

"जयंती मंडळाकडे कॅसेटी मिळत होत्या की," त्याची बायको यशोधरा कडाडली. "पोरीचं मोडलं तर बघा!"

रविवारी पाहुणे आले. आकाशचे वडील बबनराव अर्धा तास आपल्या ओळखीपाळखी सांगत होते. मग त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला.

"साळवेसाहेब, ही यादी तुमचीच ना?"

"छे छे! ते सगळं व्हायरसने लिहिलंय!"

"सगळं?" बबनराव एकदम पांढरे पडले. "अहो, काय सांगता! तीन नंबरला 'हिरा' लिहिलंय म्हणून काल आमच्या धाकट्या पोरीसाठी त्याच्याकडे जाऊन आलो. पसंती झाली, तारीख धरली. तो पण शेरा व्हायरसचा?"

खरं बोलावं तर आपल्या पोरीचं मोडणार, खोटं बोलावं तर त्यांच्या पोरीचं. नरेंद्र खाली मान घालून पुटपुटला, "नाय. पोरगा खरंच हिरा आहे. यादी माझीच."

"म्हणजे मी थापाड्या?" बबनराव ताडकन उठले.

"बसा खाली," आकाशच्या आई भिमाबाई म्हणाल्या. त्यांनी नवऱ्याच्या हातातला कागद घेतला आणि सात नंबरची शेवटची ओळ बोट ठेवून मोठ्याने वाचली. "'आई फार सोशिक. अशा माणसाबरोबर तीस वर्षं काढली, तिच्या हाताखाली पोर सुखात राहील.'"

भिमाबाईंनी डोळ्याला पदर लावला, कागद नीट घडी करून पर्समध्ये ठेवला आणि नरेंद्रला म्हणाल्या, "तीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी लिहून दिलं, भाऊ. आता बोलवा माझ्या सुनेला."