दगा नानांची धुळ्याची बस

आमच्या दगा नानांना बोलताना मध्ये कुणी अडवलं, की ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. जळगावच्या एमआयडीसीतला आमचा पाईपचा कारखाना. मी इलेक्ट्रिशियन, नाना फिटर. त्यांची गोष्ट एकच, लग्न लागल्यावर नवरीला घरी आणल्याची. "धुयापाईन मी हिराले लिसन निंघनू..." इथून सुरू. पारोळ्याच्या अलीकडे बस बंद पडायची. निंबाखाली हिराबाई गाठोडं सोडून अख्ख्या बसला सांजोऱ्या वाटायच्या, कंडक्टर तर मागून मागून खायचा. तेवढ्यात आमच्यातला कुणीतरी मुद्दाम विचारायचा, "नाना, पाना कुठंय?" झालं! पाना देऊन नाना परत धुळ्याच्या स्टँडवर. आम्ही हलकट लोक तोंडात रुमाल कोंबून हसायचो. ती बस पारोळ्याला पोचलेली कुणीच ऐकली नव्हती.

पाईपला भोकं पाडायचं आमचं जुनं मशीनही तसलंच. लाईट गेली की त्याची सरकती गाडी आपण कुठे होतो तेच विसरायची. लाईट आली की आधी मागे जाऊन खुणेला टेकणार, मग काम. आणि आमच्याकडे लाईट यायची तीच मुळी जायला. नाना मशीनवर हात फिरवून म्हणत, "घर जाई ये, मंग काम कर. घाई कसानी शे?"

मग मालकांनी नवी सर्वो मोटर आणली. तिच्या पाठीला एन्कोडर, त्याला बॅटरी. लाईट नसली तरी मोटर किती फिरली ते हा ध्यानात ठेवणार. फक्त एकदा शून्य नीट लावून द्यायचं. मी पॅनेलवर, नाना गाडीपाशी. "जरासं आखो... थांब!" गाडी खुणेला टेकली, मी शून्य नोंदवलं. नानांनी खुणेला कुंकू लावलं.

तरी विश्वास कुठला! त्यांनी मेन स्विच पाडला, गाडी सरकवणारा स्क्रू हातानं गरागरा फिरवला आणि परत लाईट दिली. गाडी सरकून जिथे उभी होती, बरोबर तिथलाच आकडा पॅनेलवर. नाना हबकलेच. "अंधारमा बी मोजस ही सटवी!"

मशीन चालवणारा सुदाम भारी आगाऊ. म्हणाला, "नाना, आता तुम्हीही शिका! जिथं तुटलं तिथून पुढं सांगा. बस दुरुस्त झाली, मग?" सगळे गोळा झाले. आज बस पारोळ्याला न्यायचीच, मध्ये कुणी चकार शब्द काढायचा नाही, असं ठरलं.

खरंच कुणी पाना मागितला नाही. नाना चिंधीनं एक बोल्ट पुसत होते.

"मंग पारोळं उनं. घर गऊत. पुढला सालले बाळंतपनमा हिरा गयी. पोरगं बी. सरनी गोट."

नाना एकटे राहतात, हातानं भाकऱ्या थापतात, हे आम्हाला ठाऊक होतं. का, ते कधी कुणी विचारलं नव्हतं. सुदामची मान खाली. नाना तोच बोल्ट पुसतायत. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "नाना, तो कंडक्टर सांजोऱ्या खाऊन काय म्हणाला होता हो?"

नानांनी वर पाहिलं. "आसं मधमाच कसं सांगू रे भो?" स्टूल ओढून बसले. "धुयापाईन मी हिराले लिसन निंघनू..."

धुळ्याचं स्टँड झालं, निंब आला, सांजोऱ्या वाटून झाल्या. ड्रायव्हर बस चालू करायला चढला, तोच सुदामनं पाना मागितला.