गोजरा टिटवीची पहिली थाप

एका जंगलात, मुलांनो, नदीकाठच्या खडकावर गोजरा नावाची एक टिटवी राहत असे. तिचं काम साधं होतं. वाघ दिसला की ओरडायचं. नाही दिसला की गप्प बसायचं.

गोजरा गप्प असली की जनावरं खुशाल पाणी पीत. शेवंता नावाची हरणी तर तिची जिवाभावाची मैत्रीण. "तू आहेस म्हणून मी मान खाली घालते गं," असं शेवंता म्हणायची, आणि गोजराची मान वर व्हायची.

एके दिवशी मुंगसाजीराव नावाचे मुंगूस खडकापाशी आले.

"गोजराबाई, एवढा खणखणीत आवाज, आणि ऐकतो कोण? एक नदीकाठ! आम्ही तो साऱ्या जंगलात पोचवतो."

त्यांनी एक घार भाड्यानं घेतली. गोजरानं खालून ओरडायचं आणि घारीनं ते वरून चहूकडे पसरवायचं. ज्याला ऐकायचं असेल त्यानं आपल्या बिळावर कुत्र्याची छत्री उताणी ठेवायची. त्या जंगलात कुत्रं एकही नव्हतं, पण महिन्याभरात छत्र्या घरोघर झाल्या.

गोजराला फार बरं वाटलं. डोंगरापलीकडच्या सशांचे जीव वाचतील, असं तिच्या मनात आलं. दोन-चार वाचलेही.

हे तरसाप्पा नावाच्या तरसानं पाहिलं. त्यानं दुसरी घार घेतली आणि पंधरा कोल्हे नेमले. कोल्हे दिवसभर ओरडत. वाघ आला तर 'वाघ आला!' नाही आला तर 'वाघ का आला नाही?' त्यावर चार कावळे चर्चा करत. चौघेही एकदम बोलत, त्यामुळे कोणाचं चुकतंय ते कळत नसे.

दर गुरुवारी एक खार बिळाबिळांतून हिंडे आणि कोणत्या घारीकडे किती कान टवकारलेत ते मोजे. याला 'टवकारी' म्हणत. पहिल्याच गुरुवारी तरसाप्पाची टवकारी नऊशे निघाली. मुंगसाजीरावांची चाळीस.

मुंगसाजीराव धापा टाकत खडकावर आले.

"गोजराबाई, ओरडा की!"

"वाघ कुठाय?"

"वाघाचं काय घेऊन बसलात? काल वाघानं जांभई दिली, तर कोल्हे तीन तास ओरडले!"

"अहो, जांभईनं कोण मरतं?"

"आम्ही मरतोय!"

पण गोजरा ओरडली नाही. तेव्हा मुंगसाजीरावांनी आणखी सहा घारी घेतल्या. एक भजनाची, एक पाककृतींची. एका घारीवर सासू साळींदर आणि सून साळींदर वर्षभर एकमेकींवर काटे ताणून उभ्या होत्या, पण काटा काही सुटत नव्हता. तरसाप्पानं आठ घारी घेतल्या. मग मुंगसाजीरावांनी बारा. आभाळात इतक्या घारी झाल्या की खाली ऊन पडेना. गवत पिवळं पडलं. हरणांनी तक्रार केली, तर तक्रारींसाठी एक वेगळी घार निघाली.

इकडे वाघ वैतागला होता. मागे सतत पंधरा कोल्हे असल्यावर शिकार कशी मिळणार? मुंगसाजीराव थेट त्याच्याच गुहेत गेले.

"महाराज, उगाच पायपीट करता. आपण बसून राहा. आम्ही प्रेक्षक पाठवतो."

असा 'चला वाघोबाच्या घरी' हा कार्यक्रम सुरू झाला. गुहेत जायचं, तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची आणि जन्मभराचं कोवळं गवत जिंकायचं. गुहेबाहेर ही रांग लागली! आत गेलेलं कोणी बाहेर येत नव्हतं. मुंगसाजीराव सांगत, "ते पुढच्या फेरीत गेलेत."

हे कानावर आलं तशी गोजरा उडत गुहेपाशी गेली. बघते तर रांगेत सहावी शेवंता! गळ्यात रानफुलांची माळ घालून उभी.

"शेवंता, अगं, आत वाघ आहे!"

"माहीत आहे. म्हणून तर एवढी रांग आहे."

"खाईल तो तुला!"

"तू जळतेस, गोजरा. तुझ्याकडे आता कोणी बघत नाही ना!"

तरी गोजरा जिवाच्या आकांतानं ओरडली, "वाघ! वाघ! वाघ!" रांगेनं टाळ्या वाजवल्या. कोणी म्हणालं, "जाहिरात छान केलीय."

एक ससा आत गेला. मग एक चितळ गेलं. शेवंता चौथी झाली. मग तिसरी झाली. ती उत्तरं घोकत होती.

गोजरानं डोळे मिटले. आणि मुलांनो, आयुष्यात पहिल्यांदा ती न दिसलेलं ओरडली.

"तरसाप्पाच्या टेकडीवर दोन वाघ! दोन वाघ! रांग नाही, थेट प्रवेश!"

मग सगळी रांग वळली आणि धूळ उडवत टेकडीकडे सुटली. सर्वांत पुढे शेवंता होती.

टेकडीवर वाघ नव्हताच. जनावरं संध्याकाळपर्यंत थांबली, कुरकुरली आणि जिवंत घरी गेली. गोजरा खडकावर बसून राहिली. थाप मारल्याचं तिला वाईट वाटत होतं, आणि शेवंता वाचली म्हणून रडूही येत होतं.

गुरुवारी खारीनं आकडे सांगितले. गुहेची टवकारी शून्य. तरसाप्पाच्या दोन वाघांची, म्हणजे नसलेल्या कार्यक्रमाची, तीस हजार.

तरसाप्पानं आकडा दोनदा ऐकला आणि तडक शेजारच्या जंगलात दोन वाघांना आमंत्रण द्यायला निघाला. वाटेत खडकापाशी थांबून त्यानं गोजराला वाकून नमस्कार केला.

"बाई, कल्पना तुमची. घारीवर नावही तुमचंच लावू."

तात्पर्य : स्पर्धा वाढली की प्रेक्षकाला निवडीचं स्वातंत्र्य मिळतं. कोणत्या वाघानं आपल्याला खावं, हे तो स्वतः ठरवू शकतो.